डॉ. राणी बंग यांचे स्त्री-आरोग्यविषयक संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण : एक अभ्यास

सारांश : वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापन, रुग्णालयातील सेवा आणि शोधनिबंध या तीन आधारांवर वैद्यकाच्या शैक्षणिक कार्याचे मूल्यमापन करण्याचा प्रघात आहे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या तज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात राहून केलेले संशोधन व शिक्षणकार्य या चौकटीत पुरेसे बसत नाही. रुग्णालयात न आलेल्या स्त्रीची गणना करणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य योगदान होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या योगदानाचा गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा परिसराशी व महाविद्यालयीन उपक्रमांशी असलेला संबंधही तपासला आहे.

बीजसंज्ञा : स्त्री-आरोग्य, लोकसंख्याधारित अभ्यास, सुईण, आरोग्यदूत, वैद्यकीय शिक्षण, गडचिरोली, दरेकसा.

१. प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत दरेकसा हे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर सालेकसा स्थानकानंतर दरेकसा लागते. गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कचारगड येथून जवळ असून माघ पौर्णिमेच्या यात्रेत अनेक राज्यांतील भाविक या स्थानकावर उतरतात. एरवी हा जंगलाचा, धानशेतीचा आणि वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबांचा प्रदेश आहे.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरानिमित्त प्रस्तुत लेखिकेस या परिसरात सात दिवस राहण्याचा योग आला. शिबिरात आरोग्य तपासणीचा उपक्रम होता. तपासणीचे टेबल शाळेच्या व्हरांड्यात मांडलेले होते व नावनोंदणीसाठी विद्यार्थी बसले होते. ताप, खोकला, सांधेदुखी, डोळ्यांचे विकार अशा तक्रारी भराभर नोंदल्या गेल्या. अहवालाच्या तक्त्यात ‘स्त्रीरोगविषयक तक्रारी’ असा एक रकाना होता. सायंकाळी तक्ता पूर्ण करताना आम्ही त्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर पाणी भरण्यास गेलेल्या दोन विद्यार्थिनी परतल्या, त्या वेगळीच माहिती घेऊन. एका बाईने अंगावरून पांढरे जाण्याची, दुसरीने अंग बाहेर येण्याची गोष्ट त्यांच्याजवळ काढली होती. या दोघींनी आदल्या दिवशी व्हरांड्यात येऊन कंबरदुखीच्या गोळ्या नेल्या होत्या. आमच्या अहवालातील ‘निरंक’ हा शब्द त्या गावाच्या आरोग्याविषयी काहीच सांगत नव्हता; तो केवळ आमच्या व्यवस्थेविषयी सांगत होता. हीच चूक वैद्यकशास्त्राच्या पातळीवर दीर्घकाळ घडत आली होती आणि ती दाखवून देण्याचे काम शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात झाले होते, हे पुढील वाचनात लक्षात आले. प्रस्तुत लेखाची प्रेरणा तेथे आहे.

२. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

स्त्री-आरोग्याच्या अभ्यासाची परंपरा मराठी भाषकांना नवी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे प्राध्यापक होते. गर्भाशयाचे मुख सैल असल्यामुळे वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी टाके घालण्याची त्यांची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि ती ‘शिरोडकर टाका’ या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत समाविष्ट झाली. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

डॉ. शिरोडकरांचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. मोठ्या शहरातील अध्यापन-रुग्णालय, तेथे येणारे असंख्य रुग्ण, त्यांच्या निरीक्षणातून सुचलेली शस्त्रक्रिया आणि ती शिकणारे विद्यार्थी असा हा ज्ञानाचा प्रवास आहे. या पद्धतीचे मोल वादातीत होय. मात्र तिची एक अंगभूत मर्यादाही आहे. रुग्णालयाच्या दारापर्यंत जी स्त्री पोहोचते, तिचाच आजार अभ्यासविषय होतो. जी पोहोचत नाही, ती निरोगी असल्यामुळे आली नाही की आजारी असूनही येऊ शकली नाही, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडू शकत नाही.

३. डॉ. राणी बंग : शिक्षण व कार्यक्षेत्राची निवड

डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांचे माहेरचे आडनाव चारी. नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळविली. पती डॉ. अभय बंग यांच्यासमवेत वर्धा परिसरातील गावांत काही काळ काम केल्यानंतर दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण १९८४ साली पूर्ण केले. त्यानंतर भारतात परतून त्यांनी गडचिरोली हे कार्यक्षेत्र निवडले. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली अस्तित्वात आलेला हा जिल्हा आरोग्यसेवेच्या दृष्टीने अत्यंत दुर्लक्षित होता. येथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पुढे धानोरा मार्गावर ‘शोधग्राम’ वसले. तेथील रुग्णालयाला आदिवासींच्या देवतेवरून ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ असे नाव दिले गेले व त्याची रचना आदिवासींना परकी वाटू नये अशी, गावातील घरांच्या धर्तीवर करण्यात आली.

या निवडीकडे त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे. सार्वजनिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने गडचिरोली ही संशोधनाची अशी जागा होती, जेथे रुग्णालयात न आलेल्या स्त्रीला भेटता येणार होते. त्यामुळे कार्यक्षेत्राची निवड हाच त्यांच्या संशोधन पद्धतीचा पहिला टप्पा ठरतो.

४. अंश आणि छेद : १९८९ चा अभ्यास

कोणत्याही आजाराचे प्रमाण हे अपूर्णांकाच्या रूपात मांडले जाते. आजारी व्यक्तींची संख्या हा अंश आणि ज्यांच्यातून त्या मोजल्या त्यांची संख्या हा छेद. रुग्णालयीन अभ्यासात उपचारासाठी आलेल्या स्त्रिया हाच छेद असतो. लोकसंख्याधारित अभ्यासात गावातील सर्व स्त्रिया, मग त्यांची तक्रार असो वा नसो, छेदात येतात. छेद बदलला की केवळ उत्तर बदलते असे नाही, प्रश्नच बदलतो.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत असा अभ्यास केला. किशोरवयीन मुलींपासून वृद्धांपर्यंतच्या स्त्रियांशी बोलणे, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या असे त्याचे स्वरूप होते. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अभ्यासातील ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या, तर ४५ टक्के स्त्रियांनी कोणतीही तक्रार सांगितली नाही. तपासणीअंती मात्र ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी संख्या ३.६ इतकी होती. जननमार्गाचा जंतुसंसर्ग हा एकूण आजारांपैकी निम्म्या आजारांचा भाग होता. पूर्वी कधीतरी या कारणासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते.

या आकड्यांतील एक बाब विशेष लक्ष देण्यासारखी आहे. तक्रार न सांगणाऱ्या ४५ टक्के म्हणजे सुमारे २९२ स्त्रिया होतात. आजार न आढळलेल्या ८ टक्के म्हणजे ५२ स्त्रिया. या सर्व ५२ निरोगी स्त्रिया तक्रार नसलेल्या गटातच होत्या असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्या गटात किमान २४० स्त्रिया आजारी उरतात. म्हणजेच ‘मला काही त्रास नाही’ असे सांगणाऱ्या दर पाच स्त्रियांपैकी किमान चौघींना आजार होता. यावरून स्त्रीचे मौन हे आरोग्याचे लक्षण मानता येत नाही, हे साध्या अंकगणितानेही सिद्ध होते. आमच्या शिबिरातील ‘निरंक’ या नोंदीचा अर्थ या उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

हे मौन कोठून येते? त्रास वर्षानुवर्षे सोसला की तो त्रास वाटेनासा होतो. ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ ही समजूत आईकडून मुलीकडे येते. शिवाय सांगायचे कोणाला, कोठे आणि कोणत्या शब्दांत, हेही प्रश्न असतात. व्हरांड्यातील टेबलासमोर, गावातील मुले ऐकत असताना या प्रश्नांची उत्तरे मिळणे शक्य नसते.

५. ‘माता’ ते ‘स्त्री’ : धोरणात्मक संदर्भ

या अभ्यासाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन आरोग्यधोरण लक्षात घ्यावे लागते. त्या काळात स्त्रियांसाठीचे शासकीय आरोग्यकार्य प्रामुख्याने माता-बाल संगोपन व कुटुंबनियोजन या दोन नावांखाली चालत असे. १९८५ साली रोझेनफिल्ड व मेन या अभ्यासकांनी ‘द लॅन्सेट’ मध्येच लेख लिहून माता-बाल कार्यक्रमात माता कोठे आहे, असा प्रश्न विचारला होता. १९८७ साली नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वासाठी जागतिक परिषद भरली. गडचिरोलीच्या अभ्यासाने त्यापुढचा प्रश्न उपस्थित केला. गर्भवती नसलेली, अविवाहित, अपत्यहीन किंवा पाळी गेलेली स्त्री या कार्यक्रमात कोठे आहे? स्त्रीरोग व लैंगिक आजारांवरील उपचार हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग असावा, ही शिफारस त्या निबंधात स्पष्टपणे केलेली होती.

१९९३ साली इजिप्तमधील गिझा परिसरातील ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेथेही निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये जननमार्गाचा संसर्ग आढळला. प्रश्न एका जिल्ह्यापुरता नव्हता, हे यावरून दिसले. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य हा विचार केंद्रस्थानी आला. भारतात १९९७ साली प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. या बदलामागे अनेक देशांतील स्त्री-चळवळी व संशोधक होते. त्याचे श्रेय एका निबंधास देणे उचित नाही. तथापि ज्या पुराव्यांच्या आधारे ही चर्चा पुढे गेली, त्यांत गडचिरोलीचा पुरावा महत्त्वाचा होता, हे निर्विवाद आहे.

६. स्त्रियांची भाषा हे संशोधनाचे साधन

तपासणीचा पुढील टप्पा म्हणजे स्त्रिया स्वतः आपल्या आजारांविषयी काय समजतात, याचा शोध. अंगावरून पांढरे जाण्याविषयी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या धारणा काय आहेत, यावरील डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा अभ्यास १९९४ साली प्रकाशित झाला. पाठ्यपुस्तकात जे एक लक्षण म्हणून येते, ते स्त्रियांच्या बोलण्यात एक स्वतंत्र आजार म्हणून येते. त्याला कारणे असतात, त्याच्या पायऱ्या असतात आणि अशक्तपणा, कंबरदुखी, चक्कर यांच्याशी त्याचे नाते जोडलेले असते. डॉक्टरला हे नाते ठाऊक नसेल, तर कंबरदुखीची गोळी देऊन रुग्ण परत पाठविला जातो. आमच्या शिबिरात नेमके हेच घडले.

डॉ. राणी बंग यांच्या मराठी लेखनातही हीच दृष्टी आढळते. ‘कानोसा’ या पुस्तकात स्त्रियांच्या आरोग्याविषयी त्यांनी ऐकलेले अनुभव आहेत. ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते आहे. या परिसरात गोईण म्हणजे मैत्रीण. वैद्यकीय संशोधक झाडांवर पुस्तक का लिहितो, असा प्रश्न पडू शकतो. परंतु ज्या स्त्रीला शरीराविषयी थेट बोलता येत नाही, ती झाडाविषयी, त्याच्या सालीविषयी, बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या पाल्याविषयी मोकळेपणाने बोलते. ऐकण्याची कला हा येथे वैद्यकीय कौशल्याचाच एक भाग बनतो.

७. शिक्षणाची वेगळी वर्गखोली

वैद्यकीय शिक्षण म्हटले की महाविद्यालय, व्याख्यानकक्ष व रुग्णकक्ष डोळ्यांसमोर येतात. गडचिरोलीत शिकणाऱ्यांत सुईणी होत्या, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया होत्या आणि किशोरवयीन मुले-मुली होती. ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून डॉ. राणी बंग यांनी शाळा-महाविद्यालयांतील युवकांशी शरीर, लैंगिकता व जबाबदारी यांविषयी संवाद साधला.

गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्याचा प्रयोग सर्वाधिक परिचित आहे. डॉ. अभय बंग यांच्या नेतृत्वाखालील व डॉ. राणी बंग सहलेखिका असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो जवळपास तितकाच राहिला. २०११ पासून नवजात बालकांची घरोघरी काळजी हा कार्यक्रम देशभर ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत राबविला जात आहे. दरेकसा परिसरात बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाणारी आशा ही या प्रयोगाचीच वारसदार होय.

याच ३९ गावांतून मातांविषयीही महत्त्वाची माहिती मिळाली. ७७२ मातांचा प्रसूतीच्या वेळी व प्रसूतीनंतर घरी जाऊन केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ५२.६ टक्के मातांना काही ना काही आजार झाला. प्रसूतीच्या वेळी हे प्रमाण १७.७ टक्के, तर बाळंतपणानंतरच्या काळात ४२.९ टक्के होते. १५.३ टक्के मातांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज होती. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेनंतर दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण खूप वाढले, ही समाधानाची बाब आहे. परंतु माता दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि बाळंतपणाचे उर्वरित दिवस घरातच जातात. आजारांचा मोठा भाग याच दिवसांत येत असेल, तर केवळ प्रसूतीची जागा बदलून प्रश्न संपत नाही.

८. अभ्यासाच्या मर्यादा

संशोधनाचा आदर करताना त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ९२ टक्के हा आकडा दोन गावांचा व १९८० च्या दशकातील आहे. तो संपूर्ण भारताचा किंवा आजच्या गोंदिया जिल्ह्याचा आकडा म्हणून वापरता येणार नाही. कोणत्या अवस्थेला आजार म्हणावे, यावरही प्रमाण अवलंबून असते. भाषणे व स्मरणिकांतून हा आकडा संदर्भाविना वापरला जातो, ते टाळावे. या अभ्यासातून स्वीकारायची ती मोजण्याची पद्धत. आकडा प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावा लागेल.

दुसरी मर्यादा व्यवस्थेची आहे. अशा कार्यासाठी संशोधकाने दीर्घकाळ एका ठिकाणी राहणे आवश्यक असते. बदल्या, पदोन्नतीचे निकष व निबंधांची संख्या यांवर आधारलेली शैक्षणिक व्यवस्था त्यास अनुकूल नाही. २००३ चा महाराष्ट्र भूषण व २०१८ ची पद्मश्री हे सन्मान बंग दांपत्यास मिळाले. सन्मान कार्याची ओळख देतात. त्या कार्याची पुनरावृत्ती मात्र व्यवस्थेलाच घडवावी लागते.

९. गोंदिया जिल्हा व महाविद्यालये यांच्या संदर्भात

१९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आणला आहे. रुग्णालयात न आलेल्या स्त्रीला भेटण्याची संधी यानिमित्ताने प्रत्येक विद्यार्थ्यास मिळू शकते. ही संधी आहे की प्रपत्र भरण्याचे आणखी एक निमित्त, हे अध्यापकांच्या दृष्टीवर अवलंबून राहील.

आपल्यासारख्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांचीही येथे भूमिका आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपण दरवर्षी खेड्यांत जातो. स्त्रियांच्या तपासणीसाठी बंद खोली आणि स्त्री-डॉक्टर यांची व्यवस्था आधी करावी, मगच तो उपक्रम जाहीर करावा. प्रश्नावली स्थानिक बोलीतील शब्दांत तयार करावी. त्यासाठी मराठी, हिंदी व समाजशास्त्र विभागांनी गावातील सुईणी आणि आशा यांच्याकडून आजारांची नावे समजून घ्यावीत. विद्यार्थिनींचा सहभाग केवळ स्वागत व सूत्रसंचालनापुरता न ठेवता त्यांना ऐकण्याचे प्रशिक्षण द्यावे. त्यांना सांगितलेली गोष्ट गावात फुटणार नाही, याची हमी द्यावी. आणि ज्यांची तक्रार समोर येईल, त्यांना कोणत्या दिवशी, कोणत्या दवाखान्यात, कोणासोबत पाठवायचे हे आधीच ठरवावे. उपचाराची सोय नसताना नुसती विचारपूस करणे योग्य नाही.

१०. समारोप

एका स्त्रीरोगतज्ज्ञाचे शैक्षणिक कार्य पदांच्या, पुरस्कारांच्या किंवा निबंधांच्या संख्येने मोजता येते. डॉ. राणी बंग यांच्या बाबतीत ते त्यांनी विस्तारलेल्या छेदाने मोजावे, असे वाटते. ज्या स्त्रिया शास्त्राच्या हिशेबात नव्हत्या, त्यांना त्यांनी हिशेबात आणले आणि त्यांच्याच शब्दांतून शास्त्राला नवे प्रश्न दिले.

दरेकसा येथील त्या दोन स्त्रियांना पुढे विद्यार्थिनींनी दवाखान्यात सोबत केली. अहवाल मात्र आधीच सादर झाला होता. त्यानंतरच्या शिबिरांसाठी आम्ही तक्त्यात एक साधा बदल केला. जेथे स्वतंत्र खोलीत व स्त्री-डॉक्टरांकडून विचारणा झालेली नसेल, तेथे त्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचे नाही; ‘विचारले नाही’ असे लिहायचे. पहिल्याच वर्षी हे दोन शब्द लिहिताना संकोच वाटला, आणि पुढच्या वर्षी खोलीची व्यवस्था शिबिराच्या तारखेआधी झाली.